बाबांची जुनी फियाट वर्कशॉपला देऊ नका, त्यांच्यासोबत बसून उघडा

मृगनक्षत्र

"वडिलांची जुनी गाडी गुपचूप रिस्टोअर करून त्यांना सरप्राइज द्यायचंय, कुठे देऊ?" अशा अर्थाचे धागे इथं अधूनमधून येतात. लिहिणाऱ्यांचा जीव त्यात असतो, हे कळतं. पण माझं मत अगदी उलट आहे आणि ते एका प्रतिसादात मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

गाडी परस्पर नेऊ नका. चकचकीत करून दारात आणून उभी करू नका. वडील हयात आहेत, ओसरीवर येऊन बसू शकतात, तर ती गाडी आहे तिथंच, त्यांच्या देखत आणि त्यांच्या सांगण्यावरून उघडा. वेळ लागू द्या. वेळ लागावा यासाठीच तर करायचं.

आमची गाडी १९७५ची प्रीमियर पद्मिनी. गावात तिला आजही फियाटच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर ११०० बनवायची. १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या काळात नव्या गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट पाहावी लागे. बाबांनी सेकंडहँड घेतली, कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी जोरात होती तेव्हा, एका चांगल्या हंगामाच्या चुकाऱ्यातून.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मृग लागला की काळी माती चाकाला अशी धरते की बंडीसुद्धा निघत नाही. त्यामुळे फियाट दिवाळीपासून रोहिणीपर्यंत चालायची आणि पावसाळाभर गोठ्यात विटांवर चढवून ठेवलेली असायची. आम्ही भावंडं शिकायला बाहेर पडलो, मग नोकऱ्या, आणि एका वर्षी ती विटांवरून उतरलीच नाही. पुढे समोर कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, रचलं गेलं. उंदरांनी वायरिंग खाल्लं. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली.

माझं आणि बाबांचं भांडण कधीच नव्हतं. बोलणंही नव्हतं. फोनवर पाऊस, तुरीवरची अळी, कापसाचा भाव, आणि "घे, आईशी बोल." मी मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात नोकरी करते. मशीनवर काम करणारी मुलगी आणि घरातलं प्रत्येक मशीन स्वतः उघडणारा बाप, तरी या विषयावर आमच्यात कधी चार वाक्यंही झाली नव्हती.

कामाच्या निमित्तानं काही काळ गावात राहता आलं, तेव्हा आम्ही कुटार बाजूला केलं.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढे. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक दिसत नाही. उजव्या हाताची बोटं थरथरतात. हे दोन्ही नसतं तर त्यांनी मला बाजूला सारून सगळं स्वतःच केलं असतं, एक शब्द न बोलता, आणि मी चहा आणून देत बसले असते. पण आता पाना माझ्या हातात आणि माहिती त्यांच्या डोक्यात. म्हणजे बोलल्याशिवाय गत्यंतर नाही! माझ्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाक्यांत सांगावं लागलं, की कुठला स्क्रू किती ढिला करायचा, तो अर्धा आटा फिरला की हाताला काय जाणवतं, आणि नाही जाणवलं तर काय समजायचं.

डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीनं ठिणगीची वीज पोचवणाऱ्या भागाचं, झाकण काढलं तो दिवस सांगते. दोन क्लिपा उचकटल्या, रोटर वर ओढून काढला. खाली पॉइंट, म्हणजे ती वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं, काळे पडलेले, मधोमध बारीक खड्डा. पॉलिश पेपरनं घासले. मग फटीचं माप. मी पुण्याहून फिलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्या, आणला होता. बाबा म्हणाले, "गेज ठेव बाजूले. पयले पुली फिरव, अन् कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेखाली आलं का सांग." मी फिरवत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. पॉइंट पूर्ण उघडतात तिथं पुली किंचित हलकी होते, ते त्यांना माझ्या हातातल्या पान्याच्या आवाजावरून कळत होतं. "बस. आता घाल तुयी पट्टी." पट्टी घातली, स्क्रू आवळला, पुन्हा पाहिलं तर फट कमी झाली होती. "आवयतानी सरकते थे. आवयायच्या आदी कणभर जास्त ठेवा लागते." हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

आणि मग, प्लगच्या वायरी १-३-४-२ अशा क्रमानं लावत असताना, मान वर न करता म्हणाले, "आयटीआयले नंबर लागला होता माया. अमरावतीले. आबा म्हने, वावर कोन पाहीन?"

एवढंच. मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला त्या दिवशी हा माणूस फक्त "बरं" म्हणाला होता. ते "बरं" इतकी वर्षं मी नाराजी समजून बाळगलं. गाडी वर्कशॉपमध्ये दिली असती तर ती चालू झाली असती, याहून चांगली झाली असती, पण हे वाक्य मला मिळालं नसतं.

म्हणून सांगते, सरप्राइज देऊ नका.

गाडी आता चालते. रंग आम्ही केला नाही. डाव्या दारावर बैलबंडीच्या धुरीचा पोचा आहे, तोही तसाच ठेवलाय. बाबा म्हणाले, राहू दे, आणि मला त्यावर वाद घालायचा नव्हता. आई तिच्या बहिणीकडे अंजनगावला जाऊन आली आणि आता दर बाजाराच्या दिवशी तयार होऊन बसते. मी पुण्याला परतले. बाबा मला सुट्या भागांचे फोटो पाठवतात. भाग जमिनीवर ठेवलेला आणि माप कळावं म्हणून शेजारी त्यांची चप्पल. मग फोन येतो, आणि तो फोन आईकडे जायला आता बराच वेळ लागतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचं तुम्ही काय करता? दोन, नोंदणी. पन्नास वर्षं झाल्यामुळे 'व्हिंटेज'मध्ये करावी का, की नेहमीचं नूतनीकरण? आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरच्या गाड्यांबद्दल लिहा.

संत्राबाग

वाचून गोठा, कुटार, सगळं डोळ्यांपुढे आलं. आम्ही वरुडकडचे. आमच्याकडे अँबेसिडर होती, संत्र्याचा व्यापारी यायचा तेव्हा बाबा त्याला तिच्यातून बाग दाखवायला न्यायचे.

पण ताई, तुमच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. माझे वडील ऐंशीच्या पुढचे, गुडघे गेलेले. त्यांना अंगणात तासन्‌तास बसवणं शक्य नव्हतं आणि मला बोनेटखालचं काही कळत नाही, मी बँकेत आहे. अशा माणसानं काय करायचं? गाडी सडू द्यायची? मी अमरावतीच्या एका मिस्त्रीकडे दिली. दर रविवारी वडिलांना रिक्षात घालून तिथं न्यायचो, खुर्ची टाकून बसवायचो. मिस्त्री तिशीतला पोरगा, त्यानं अँबेसिडर उघडलीच नव्हती कधी. वडील खुर्चीतून सांगायचे, तो करायचा. मी नुसता उभा.

म्हणजे पाना माझ्या हातात नव्हता. पण तिथं त्यांचा जो आवाज मी ऐकला, तो घरी कधी ऐकला नव्हता. "अरे बाप्पा, थे पॅकिंग उलटं हाय!" असं ओरडले एकदा, आणि होतंच उलटं.

मृगनक्षत्र

@संत्राबाग, मग आपण एकच सांगतोय. तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवून सांगायला लावलंत. मला राग आहे तो पडदा टाकून गाडी झाकून ठेवण्याचा, पाहुणे बोलावून, मोबाइलवर व्हिडिओ काढत तो पडदा ओढण्याचा. त्या क्षणी बापानं फक्त रडायचं असतं. त्याला जे येतं ते कुणी विचारतच नाही.

हिंगणघाटची_काकू

मी इथं फारसं लिहीत नाही, वाचते. आज लिहावंसं वाटलं, कारण तुम्ही सगळे लेकरांच्या बाजूनं लिहिताय आणि मी आईच्या बाजूची आहे.

आमची अँबेसिडर, मार्क ३. यांच्या मागे ती तशीच पत्र्याच्या शेडमध्ये होती. मुलगा बंगळूरला, संगणकातला. मागच्या उन्हाळ्यात आला आणि म्हणाला, आई, आपण गाडी काढू. मी म्हटलं, मला काय समजतं त्यातलं, मी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

मिस्त्री आला, इंजिन सुरू झालं. मुलगा चालवत होता, मी बाजूला, माझ्या नेहमीच्या जागेवर. थोडं पुढे गेलो आणि खालून एक शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. तो घाबरला. मला विचारतो, "आई, हा आवाज आधी होता का?" मी म्हटलं, हा होता. हा तिसऱ्यात सोडलं की येतो, चौथ्यात जातो. पण तो दुसरा, मागून टकटक येतोय ना, तो नव्हता. मिस्त्रीनं पाहिलं तर मागच्या पाट्याचा बुश संपलेला.

इतकी वर्षं मी त्या सीटवर बसून होते, मांडीवर पाण्याचा कॅन, पायाशी डबा. मला माहीत आहे की मागचं उजवं दार वर उचलून ओढावं लागतं. मला माहीत आहे की नागपूरच्या रस्त्यावर सेलूच्या पुढे हे नेहमी रेडिएटरला हात लावून बघायचे. पण हे कुणी मला विचारलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं की हे मला माहीत आहे. आता मुलगा फोनवर विचारतो, आई, बाबा तेव्हा काय करायचे? पूर्वी यांचा विषय निघाला की आम्ही दोघंही गप्प व्हायचो. आता निघतो आणि बरंच बोलणं होतं.

ज्यांच्या घरी आई आहे, त्यांनी तिलाही विचारा. तिनं गाडी चालवली नसेल, पण ती त्या गाडीत बसलेली असते.

मृगनक्षत्र

काकू, मी तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्या फियाटचं हॉर्न थंडीत वाजत नाही, हे तुला बाबांनी सांगितलं का?" नव्हतं सांगितलं.

फोरस्ट्रोक

पेट्रोलचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. यवतमाळला माझं गॅरेज आहे, जुन्या गाड्या आवडीनं करतो.

सध्या पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. पद्मिनी, अँबेसिडर यांतलं मूळ रबर त्यासाठी बनलेलंच नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्राम, रबरी नळ्या, कार्बोरेटरमधली वॉशरं ही फुगतात, मग चिरतात. नळी चिरली आणि गरम मॅनिफोल्डवर थेंब पडला तर आग लागते, म्हणून सगळ्या नळ्या आधी बदला. इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या नळ्या मिळतात, तशाच मागा. दुकानदार साधी काळी नळी देईल ती घेऊ नका. डायफ्रामही तसाच घ्या.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल, जशी तुमच्याकडे पावसाळाभर असते, तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, काढून घ्या. कार्बोरेटरही कोरडा करा. जुन्या टाकीतला गंज सुटून कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, जेटमध्ये, अडकतो आणि माणूस महिनाभर इग्निशनमध्ये दोष शोधत बसतो.

तिसरं शिसं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. त्याआधीच्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीटला शिशाचा आधार असायचा. रोजची लांब धाव नसेल तर घाई नाही, पण हेड कधी उघडलंच तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या.

आणि क्रम लक्षात ठेवा: आधी ब्रेक, मग टायर, मग वायरिंग, आणि मग इंजिन. लोक उलटं करतात. इंजिन सुरू झालं की उत्साहात गाडी रस्त्यावर काढतात आणि चाकांतले ब्रेकचे सिलेंडर गळत असतात.

धानपट्टी

आमची जीप आहे, चालेल ना? महिंद्राची सीजे ३बी, उंच बोनेटवाली, २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. नागभीडजवळ शेती, बाबा धानाची पोती आणि मजूर तिच्यातून न्यायचे.

आमची गाडी आम्हाला जवळ आणायच्या आधी चांगलीच लांब घेऊन गेली. मला ती मूळ रूपात हवी होती, कारण ते इंजिन आता सहज दिसत नाही. बाबांना तिच्यात डिझेल इंजिन टाकायचं होतं, कारण पेट्रोल पिते आणि वावरात न्यायला परवडत नाही. "शोकेसमधी ठेवाची हाय का तुले?" असं म्हणाले. मी म्हटलं, हा वारसा आहे. ते म्हणाले, जीप आहे. मग बोलणं बंद.

बहिणीनं मध्ये पडून विचारलं, गाडी कुणाची? बाबांची. मग मी गप्प बसलो. डिझेल इंजिन टाकलं, आरटीओत बदल नोंदवला. पण जुनं इंजिन बाबांनी भंगारात जाऊ दिलं नाही. स्वतः ग्रीस भरून, प्लगच्या भोकांत तेल टाकून, गोणपाटात बांधून कोठीत ठेवलं. माझ्यासमोर ठेवलं, म्हणजे मी पाहावं असंच. मी तेव्हापासून त्यांच्या डिझेलबद्दल काही बोललेलो नाही.

रोखठोक_आर्णी

सगळं छान आहे, पण कुणीतरी खर्चाचं बोलायला हवं. कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेलं, आणि आपण पन्नास वर्षांच्या गाडीत पैसे घालायचे? माझ्या वडिलांकडेही पद्मिनी होती, त्यांनी स्वतः विकली, माझ्या फीसाठी. त्यांना त्याचं दुःख आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या घरी गाडी उरली त्यांनी ती उरवू शकलो हे भाग्य समजावं.

मृगनक्षत्र

@रोखठोक_आर्णी, तुमचं म्हणणं मनापासून मान्य आहे. आमची उरली ती गोठ्यात जागा होती आणि भंगारवाल्यानं फारच कमी भाव सांगितला म्हणून, त्यात कर्तृत्व काही नाही. खर्च मोकळेपणानं सांगते: बॅटरी, चार टायर, ब्रेकचं सगळं रबर आणि सिलेंडर, वायरिंग, नळ्या, फरशीचा सडलेला पत्रा कापून नवा. रंग नाही, क्रोम नाही, सीट घरच्याच जाड कापडानं शिवून घेतल्या. मजुरी आमची आम्हीच. एका बऱ्या सेकंडहँड मोटरसायकलपेक्षा कमी पैसे लागले. कर्ज काढून तर कुणीच करू नये.

आणि तुमच्या वडिलांना एकदा विचारून पाहा ना. दुःख आहे का म्हणून नको. गाडी कुणाला विकली, कोणत्या रस्त्यानं घेतली होती, एवढंच. गाडी नसली तरी ती चालवलेली असतेच.

रोखठोक_आर्णी

विचारलं. जेवताना. जेवण थंड झालं, ते बोलत होते. नंबरसकट सगळं पाठ आहे त्यांना. फीच्या पैशांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

कागदपत्र

नोंदणीचं उत्तर राहिलंय. मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण, खासगी वापराची, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी तिच्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

पण ताई, अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच. तुमच्या आई बाजाराच्या दिवशी तयार होऊन बसतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्हाला नेहमीचं नूतनीकरणच हवं: फिटनेस तपासणी, पाच वर्षांची मुदत, पर्यावरण कर, विमा. जुन्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क अलीकडे वाढलंय, जाण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर ताजा आकडा बघा. धानपट्टींची जीप इंजिन बदलल्यामुळे व्हिंटेजमध्ये तशीही बसणार नाही.

मृगनक्षत्र

धन्यवाद, प्रश्नच मिटला. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बाजारात नेता येत नसन तं गाडी कायची?" नूतनीकरणच करतोय.

काळीपिवळी

मुंबईहून लिहितोय, मूळचा पुलगावचा. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओतली, २९ ऑक्टोबर २००३ची. टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची गेली. तुमच्या कामाचं सांगायचं तर, त्या टॅक्सींमुळे इतकी वर्षं सुटे भाग बनत राहिले. आता बनणं आटत चाललंय. ब्रेकचं रबर, क्लच प्लेट, पॉइंट, कंडेन्सर, वॉटर पंपाचं किट हे मिळतंय तोवर एकेक जास्तीचं घेऊन ठेवा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून दुकानं आहेत. दांडीच्या गिअरचे बुश मात्र पाहून घ्या, नंतरच्या मॉडेलला गिअर खाली आला होता, ते तुम्हाला चालणार नाहीत.

बाभूळबन

माझे बाबा गेले. गाडी त्यांच्या आधीच गेली होती, १९७८ची पद्मिनी. भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी बाबांनी तिच्यातून काही वस्तू काढून ठेवल्या: पूर्ण डिस्ट्रिब्युटर, दोन हबकॅप, पुढच्या दाराची छोटी तिरकी काच आणि तिची फिरकी, एक न वापरलेला कंडेन्सर. माझ्याकडे आहेत, अकोटला. ठेवून काय करू हे मला कळत नव्हतं. तुमच्या गाडीला लागत असतील तर घेऊन जा. पैशाचं बोलू नका.

मृगनक्षत्र

बाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पोस्टानं नका पाठवू म्हणावं, आम्ही गाडी घेऊन येतो, तिथंच काच लावू, त्यांनाही एक चक्कर मारून आणू. डाव्या दाराची तिरकी काच खरंच तडकलेली आहे आमची. दिवाळीला मी येते आहे, चालेल का?

बाभूळबन

चालेल. जेवायलाच या. आई भरीत-भाकर करेल.

संत्राबाग

एक अडचण विचारतो. आमची अँबेसिडर सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते, पण दुपारच्या उन्हात वीस-पंचवीस किलोमीटर गेलं की झटके देऊन बंद पडते. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. मिस्त्रीनं कॉइल बदलली, प्लग बदलले, फरक नाही. आमच्या वडिलांना हल्ली आठवत नाही फारसं. सगळ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जायचा विचार आहे, घाटात बंद पडली तर पंचाईत.

मृगनक्षत्र

@संत्राबाग, हा प्रश्न बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "लिव." जसं सांगितलं तसं लिहिते आहे, एक शब्द न बदलता:

"कॉइलचा दोष नाई थो. आपल्या इकडच्या उनात पेट्रोलची वाफ होते पंपात अन् नयीत. पंप वाफ खेचत नाई, कार्बोरेटर कोरडा पडते. थंडा झाला का पुन्ना चालते. बंद पडली का पंपावर वल्लं फडकं टाकून पाहाजा, पाच-धा मिनिटात चालू झाली तं हाच दोष समजा. पंप अन् इंजिनच्या मंदात जाड पॅकिंग असते, थे हाय का पाहाजा, कोनी पातळ टाकलं असन तं पंप तापते. पेट्रोलची नयी सायलेन्सरच्या पाइपाले चिटकून जात असन तं दूर घेजा, वरून गुंडायून टाकजा. रेडिएटर आतून साफ हाय का पाहाजा. चिखलदऱ्याले जाचं असन तं पहाटेस निघा, परतवाड्यात थांबू नोका, धामणगाव गढीले घाट लागाच्या आदी बोनेट उघडून गाडी थंडी करा, मंग चढा. घाटात दुसऱ्याच्या वर जाऊ नोका. उतरतानीबी त्याच गिअरमधी, बिरेकवर पाय ठेवून उतरसान तं डरम तापतीन अन् बिरेक लागनार नाई. तुमच्या बाबाले पुढं बसवा. आठवत नसन त्याइले, पन घाटात गिअर कवा टाकाचा थे त्याइचा हात सांगन. अन् नाईच जमलं तं मले फोन करजा, नंबर बाई व्यनिनं देईन. दुपारी एक ते तीन सोडून कवाबी करा, तवा मी झोपतो."

नंबर पाठवला आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.